हौसरावची उशिराची मिरची

तळेगाव ढमढेऱ्यात हौसरावला आळशी म्हणणारी माणसं पुष्कळ होती, पण ती त्याला नीट ओळखत नव्हती. आळशी माणूस काम टाळतो. हौसराव टाळत नसे. त्याला प्रत्येक काम करायचं असे, मनापासून करायचं असे. फक्त ते आजच करावं असं त्याला कधी वाटलं नाही. आजचा दिवस त्याला नेहमी गर्दीचा वाटे. उद्या मात्र झाडून सारवलेल्या अंगणासारखा मोकळा दिसायचा.

विहाराच्या गेटाला निळा रंग द्यायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. गेटाची एक बाजू रंगवून झाली आणि दुसरी उद्या करू म्हणून त्यानं डबा झाकून ठेवला. त्यावर दोन भीमजयंत्या होऊन गेल्या. डब्यातल्या रंगाची वडी झाली. कुणी विचारलंच तर तो जरा दुखावल्या आवाजात सांगायचा की काम चालू आहे. तरुणपणी सणसवाडीला एका कारखान्यात नोकरी लागली होती. तिथं पाळीची बस वेशीवर यायची वेळ आणि हौसराव घरातून निघायची वेळ यांची गाठ क्वचितच पडली. सुपरवायझर भला माणूस होता, त्यानं बरेच दिवस समजावून सांगितलं. शेवटी हौसराव शेतीवर आला. शेत काही पंचिंग मागत नाही, असं तो म्हणायचा.

त्याची बायको साखरबाई अगदी उलट. ती बोलता बोलता भाकरी थापायची, थापता थापता चपला घालायची. तिनं वस्तीतल्या बायकांचा बचत गट उभा केला होता आणि गटाचा कांदा-लसूण मसाला सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांमधून चांगला खपत होता. बिहारकडची पोरं पहिल्या घासाला डोळे पुसायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पुडी मागायची. पण बाजारातून आणलेल्या लाल मिरचीचा भरवसा नव्हता. कधी रंग फिका, कधी तिखटपणा गायब. तेव्हा गटानं ठरवलं की मसाल्याची मिरची आता आपल्याच रानात करायची. कॅनॉलच्या खालच्या चार घरांनी जागा दिली. त्यात एक हौसराव होता आणि एक त्याचा चुलतभाऊ सुदर्शन.

सुदर्शनचं रान हौसरावच्या बांधाला बांध लावून होतं, पण स्वभावाला स्वभाव लागत नव्हता. सुदर्शन घड्याळ मुद्दाम पुढं लावून ठेवणारा माणूस. बाकीचे पेरणीची चर्चा करत असायचे तेव्हा त्याच्या रानात कोंब दिसायला लागलेले असत. जूनच्या अखेरीस रोपवाटिकेचा टेम्पो आला, चारही घरांना सारखीच रोपं मिळाली, ट्रेमधली, चार-पाच पानांची, नखानं तुटतील इतकी कोवळी. सुदर्शननं दिवस मावळायच्या आत आपली लावून टाकली आणि हातपाय धुऊन तो बांधावर येऊन उभा राहिला. हौसरावच्या रानात अजून नांगर लागायचा होता.

नांगर उद्या लागणार होता. पण ट्रॅक्टरवाला दुसरीकडं अडकला. तो आला तोवर ठिबकच्या नळ्या खारींनी कुरतडल्याचं लक्षात आलं. नळ्या जोडल्या तर पावसानं रान चिकट झालं, रोपं लावण्याजोगा वाफसा येईना. वाफसा आला त्या दिवशी हौसरावची दाढ ठणकायला लागली. साखरबाईची अडचण अशी होती की प्रत्येक कारण खरं असायचं. खोटं असतं तर तिनं पकडलं असतं.

इकडं ट्रेमधली रोपं एकमेकींच्या अंगावर चढायला लागली. साखरबाईनं रोपवाटिकेत फोन केला. लावायला उशीर होणार असेल तर रोपं मोठ्या पिशवीत तरी हलवा, नाहीतर मुळं कोंडतील, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मग तिनं चौकातल्या पप्पूच्या चहाच्या हॉटेलातून दुधाच्या रिकाम्या पिशव्या पोत्यानं आणल्या, त्यांना खालून भोकं पाडली, आणि डोंगराकडची, कधी नांगर न लागलेली माती शेणखतात कालवून भरली. पिशव्या भरायला हौसरावही बसला. बसून करायच्या कामाला त्याची कधीच ना नसायची.

रोपं पिशव्यांत सुखानं वाढली. अंगणात मावेनात म्हणून ओट्यावर चढली, ओट्यावरून न्हाणीच्या भिंतीवर गेली. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून अर्धा लिटर मिरची मागायचा आणि हसत पुढं जायचा. सुदर्शनच्या बायकोनं तर एकदा गाईची की म्हशीची म्हणून विचारलं. हौसराव कुणावर रागावला नाही. त्याच्या मते लोकांना दम नव्हता एवढंच.

ही मिरची अंगणातच पिकली असती, पण मध्ये शितलचा साखरपुडा आला. शितल म्हणजे त्यांची थोरली, सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटी तपासणीत होती. दौंडकडच्या भांडगावचा सत्यजीत नावाचा मुलगा तिनं स्वतःच पसंत केला होता आणि पाहुणे रविवारी यायचे होते. साखरबाईनं नवऱ्यापुढं चहा ठेवला आणि सांगितलं, "ह्या अंगणात एक तर मिरची बसंल, न्हाईतर पाव्हणं. कोण बसवायचं ते तुमी ठरवा."

हौसराव ठरवायला बसला. त्याचा चहा संपायच्या आत गटातल्या बायका टोपल्या घेऊन दारात उभ्या होत्या. एका दिवसात सगळी मिरची रानात गेली. खरं सांगायचं तर हौसरावही त्या दिवशी बैलासारखा राबला. रोपं तोवर गुडघ्याएवढी झाली होती, खोडं पेन्सिलीसारखी टणक, काहींना कळ्या. संध्याकाळी पाठ धरून घरी येताना तो बायकोला म्हणाला, की करू म्हटलं होतं, केलं की नाही?

साखरपुडा छान झाला. नंतर पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, तशी सुदर्शनच्या मिरचीची गंमत दिसायला लागली. सकाळी ताठ, दुपारी मान टाकलेली, संध्याकाळी पुन्हा जराशी सावरलेली. पानं पिवळी पडली, वाढ थांबली. सुदर्शननं वेळ न दवडता युरिया दिला. मग पाणी वाढवलं. मग पाणी कमी केलं. मग दोन औषधं एकत्र मारली. झाड वीतभर होतं ते वीतभरच राहिलं. बाकीच्या दोन घरांत तीच तऱ्हा.

म्हातारे दगडोबा आबा रान बघायला आले आणि ही नजर लागल्याची लक्षणं आहेत, बांधावर लिंबू-मिरची टांगा, असं सांगून गेले. साखरबाईनं एवढंच विचारलं की आता मिरचीलाच मिरची बांधायची का. आबांनी त्यावर विचार केला आणि मग नुसतं लिंबू चालेल म्हणाले.

आणि बांधाच्या पलीकडं हौसरावची मिरची कमरेला लागली होती. हिरवी, दाट, फांदीफांदीला फळं लोंबताहेत. सुदर्शनला त्या झाडांकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. दादानं काहीतरी गुपचूप टाकलंय, अशी त्याची खात्री झाली. खरं तर दादानं टाकायचं ते खतसुद्धा अजून टाकलं नव्हतं. पोतं पडवीत होतं.

शेवटी सुदर्शननंच कृषी सहायक माया मॅडमना बोलावून आणलं. मॅडम तरुण होत्या, स्कूटीवरून यायच्या, आणि चिखलात उतरताना कधी खाली बघायच्या नाहीत. त्यांनी सुदर्शनचं एक झाड मातीसकट हळूच खणून काढलं आणि मूळ पाण्यात बुचकळलं. सगळे वाकून बघायला लागले. मुळं कसली, गाठींची माळच होती ती, शेंगदाण्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या गाठी. मॅडमनी सांगितलं की हे सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे किडे, मातीत राहतात, मुळात शिरून घर करतात आणि झाडाचं अन्नपाणी तिथंच अडवतात. वर कितीही युरिया टाका. वर्षानुवर्षं वांगी आणि टोमॅटो करून करून ही अख्खी पट्टी त्यांनी भरली आहे.

"मंग दादाचं रान कसं सुटलं?" सुदर्शननं विचारलं.

सगळी वरात हौसरावच्या रानात आली. मॅडमनी त्याचंही एक झाड खणलं. मूळ धुतलं. गाठी तिथंही होत्या. कमी होत्या, बारीक होत्या, बहुतेक मुळांच्या टोकाकडं होत्या, पण होत्या. मात्र झाडाला त्याची खबरच नसावी असं झाड दिसत होतं.

मॅडम विचारात पडल्या. "काका, लावली तेव्हा रोपं केवढी होती?"

हौसरावनं हात गुडघ्याला लावला.

"एवढी मोठी कशी काय?"

हौसराव आभाळाकडं बघायला लागला. साखरबाई म्हणाली, "लावायची राहिली व्हती."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरून सगळ्यांना नीट समजावलं. कोवळं रोप रानात गेलं तेव्हा त्याला मुळं होती मोजकी. किड्यांनी तीच धरली, मग नवं मूळ फुटणार कुठून? हौसरावची रोपं दुधाच्या पिशवीत, किडे नसलेल्या मातीत मोठी झाली. मुळांचा भरगच्च गड्डा घेऊन ती रानात उतरली. किडे त्यांनाही लागले, पण तोवर घर भरलेलं होतं. चार पाहुणे जेवून गेले तरी घरच्यांना पुरलं. रोपाचं वय जितकं कमी, तितका घाव खोल. हे एवढं सांगून त्या पुढं म्हणाल्या की याला औषध समजू नका. किडे या झाडांवरही वाढताहेत, पुढच्या वर्षी इथंच मिरची केली तर मोठी रोपंही टिकायची नाहीत. झेंडू करा, निंबोळी पेंड घाला, पीक फिरवा.

हौसरावनं पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी तो सुदर्शनच्या तोंडाकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच सुदर्शनला घाई नडली होती, आणि ते तोंड बघण्यासारखं होतं.

त्यानंतरचे काही आठवडे हौसरावला फार गोड गेले. कुणीतरी त्याचा कमरेइतक्या मिरचीतला फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि खाली लिहिलं, हौसराव पॅटर्न. फोटो शिरूरभर फिरला, भीमा ओलांडून दौंडात गेला. जी माणसं त्याला अर्धा लिटर मागत होती ती आता बाकड्यावर जागा करून द्यायला लागली. पप्पू चहा देताना म्हणायचा की पिशव्या आपल्याच हॉटेलच्या होत्या, हे विसरू नका. हौसराव मान हलवायचा, पण पिशव्यांची गोष्ट त्याला स्वतःला फारशी आवडत नव्हती. पॅटर्न म्हटल्यावर त्यात दुधाची पिशवी जरा हलकी दिसते.

नोव्हेंबरात त्याच्याच रानात शिवारफेरी ठरली. दोन्ही तालुक्यांतले शेतकरी आले, मांडव पडला, माइक आला. मॅडमनी त्याला चार शब्द तयार करून ठेवायला सांगितले होते. ते तो आदल्या दिवशी करणार होता. माइक हातात आल्यावर त्याला काही सुचेना, आणि मग एकदम सुचायला लागलं. आपण रोपांकडं बघत गेलो, त्यांचं मन ओळखत गेलो, कोवळ्या जिवाला जमिनीत लोटणं आपल्याला पटलं नाही, असं तो बोलत गेला. समोर बायकांत साखरबाई बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं भरून आलं असेल.

तेवढ्यात एकानं विचारलं, की थांबायचं म्हणजे नेमकं किती थांबायचं? याचं उत्तर माया मॅडमकडं होतं, पण त्या पलीकडच्या वाफ्यात लोकांना मुळं दाखवत होत्या. हौसरावकडं माइक होता.

"जेवढं थांबाल तेवढं कमीच हाय," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या त्या नवनाथ व्याह्यांनी, म्हणजे सत्यजीतच्या वडिलांनी. नवनाथ दौंडला रेल्वेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. कमी बोलणारे, आणि सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारे. निवृत्तीनंतर ते भांडगावच्या शेतात रमले होते आणि उन्हाळी मिरची करायच्या विचारात होते. असा व्याही मिळाला याचा त्यांना मोठा अभिमान वाटला.

डिसेंबरअखेर त्यांनी रोपं आणली आणि ट्रेमध्येच ठेवली. पिशव्यांचं हौसरावनं भाषणात काही सांगितलंच नव्हतं. मग दर आठवड्याला नवनाथांचा फोन यायला लागला. व्याही, लावू का? रान तयार होतं, नळ्या तयार होत्या, माणूस नुसता हुकमाची वाट बघत होता. आजवर हौसरावला कुणी काही विचारून केलं नव्हतं. फोन आला की तो उठून उभा राहायचा, जरा थांबायचा, आणि गंभीर आवाजात सांगायचा, "घाई नको. थांबा अजून."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमधल्या एका सकाळी हौसरावच्या दारात टेम्पो थांबला. नवनाथ खाली उतरले, ड्रायव्हरच्या मदतीनं त्यांनी एकेक ट्रे उतरवून अंगणात ओळीनं मांडला. रोपं वीतभरच होती, पण म्हातारी. खोडं लाकडासारखी, पानं गळून शेंड्यावर दोन-चार उरलेली, आणि प्रत्येक रोपट्याला एकच वाकडी मिरची लोंबत होती. नवनाथांनी एक रोप उपसून दाखवलं. मुळं ट्रेच्या खळग्यात फिरून फिरून त्यांचा सुतळीसारखा गुंडा झाला होता.

"व्याही," ते अगदी शांतपणे म्हणाले, "सिग्नल कवा पडायचा?"

हौसरावनं बघू म्हटलं. उद्या मॅडमना विचारू म्हटलं. मग त्याचं लक्ष ओट्यावर गेलं. शितल कामावर निघायची तयारी करून उभी होती, आणि तिनं ती रोपं बघितली होती. तिला मे महिन्यात त्या घरात जायचं होतं, आणि त्या घरातल्या कर्त्या माणसाला आपण अख्खा हंगाम खुळ्यासारखं उभं करून ठेवलं, हे हौसरावला तिच्या तोंडाकडं बघून पहिल्यांदा कळलं. तो नवनाथांच्या शेजारी खाली बसला.

"व्याही, म्या थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "माझं राह्यलं व्हतं."

"त्यात फरक काय?"

"थांबणाऱ्याला ठावं असतं, कवा उठायचं. मला कुठं ठावं व्हतं? पाव्हणं आलं नसतं तर माझी मिरची अजून हितंच असती. आन् ती बी पिशवीत व्हती म्हणून जगली. पिशव्या हिनं आणल्या व्हत्या."

साखरबाईनं चहा आणला होता, ती दारातच थांबली. नवनाथांनी चहा घेतला, बशीत ओतला, फुंकून फुंकून प्यायला.

"गाडी टेशनाबाहेर औटर सिग्नलला उभी राहिली ना," नवनाथ म्हणाले, "की पाशिंजरांना वाटतं, कुणीतरी काहीतरी विचार करून उभी केली असंल." त्यांनी बशी खाली ठेवली. "तसं काय नसतं. मी तीस वर्षं बघितलंय. तरी बी फसलो." आणि ते हसायला लागले. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज फुटला. शितल ओट्यावरून उतरून कामाला निघून गेली आणि जाताना तीही हसत होती.

साखरबाईनं तिथंच मॅडमना फोन लावला. मॅडमनी चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की या रोपांचा मोह सोडा, मुळं कोंडलेलं रोप मोठं नसतं, नुसतं म्हातारं असतं. मिरचीचा हंगाम गेला. पण रान तयार आहे तर त्यात झेंडू लावा. झेंडूच्या मुळांपुढं हे किडे फारसे टिकत नाहीत, आणि लग्नसराईत फुलं जातील. पुढच्या खेपेला पिशवीत दीड-दोन महिने वाढवून मिरची लावा. त्याहून जास्त नको, त्याहून कमी नको.

नवनाथ जायला उठले तेव्हा हौसरावही उठला आणि टेम्पोत जाऊन बसला. साखरबाईला कळेना. ती म्हणाली की जेवून तरी जा. तो म्हणाला, तिकडंच जेवतो, वाटेत झेंडूची रोपं घ्यायची आहेत. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती. हा मनुष्य वळणावरून परत येईल असं तिला वाटत होतं.

तो आठवडाभर भांडगावातच होता. दोघा व्याह्यांनी मिळून सगळं रान झेंडूनं भरून काढलं. हौसराव सकाळी लवकर उठत होता असं नाही, पण उठला की रानात जात होता. नवनाथ फोनवर साखरबाईला रोजचा अहवाल द्यायचे.

इकडं सुदर्शननं दुसरं रान निवडून पिशव्यांतली मिरची जानेवारीतच, ठरल्या तारखेला, ठरल्या उंचीची लावली होती. उशीरसुद्धा वेळेवर करणारा तो तळेगावातला पहिला माणूस ठरला. मिरची जोरात आली. गटाच्या मसाला कुटायच्या डंकावर त्या साली मुख्य माल सुदर्शनचाच होता, आणि त्यानं ते हौसरावला रोज ऐकवलं. हौसरावनं ऐकून घेतलं.

लग्न भांडगावला झालं. मांडवाच्या खांबाखांबाला झेंडू होता, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमांना झेंडू होता, वधूवरांचे हार झेंडूचे होते, आणि तरी रान पिवळं दिसत होतं. मंगल परिणय पार पडला, पंगती बसल्या. भीमेकडच्या गावांतले चार-पाच पाहुणे हौसरावला गाठून म्हणाले, पॅटर्नवाले तुम्हीच ना? हळदीच्या पिकाला किती थांबावं? हौसराव म्हणाला की ते मॅडमना विचारा, त्या तिकडं जेवताहेत. मला फक्त मुळं दाखवता येतात, बघायची असतील तर चला.

फोटोवाल्यानं घरच्यांना स्टेजवर बोलावलं तेव्हा मुलीचा बाप सापडेना. नवनाथ शोधायला निघाले आणि तेही परत येईनात. शेवटी साखरबाईच मांडवामागं गेली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला हौसराव झेंडूच्या ताटव्यात बसला होता, हातात एक उपटलेलं झाड, भोवती पाहुणे वाकलेले, नवनाथ तांब्यातून मुळावर पाणी ओतताहेत. मूळ साफ होतं. एकही गाठ नव्हती.

"हे बघा," तो पाहुण्यांना सांगत होता, "हे असं पायजे."

साखरबाईनं त्याला दंडाला धरून स्टेजवर आणलं. फोटोत सगळे हसताहेत. हौसराव शितलच्या उजव्या बाजूला उभा आहे, छाती पुढं काढून, आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागं आहेत, कारण त्यांना माती होती.